पुसलेल्या कॉलचा माग
हातातला फोन : भाग सहावा

ज्यांना जुने कॉल आणि एसएमएस परत हवे असतात, ते बहुतेक वेळा कसल्या ना कसल्या भांडणात अडकलेले असतात. घाटकोपरची इमारत पुनर्विकासाला गेलेली, बिल्डरने भाडं थकवलेलं, आणि ‘पुढच्या महिन्यात नक्की’ हा त्याचा एसएमएस नेमका सापडत नाही. अंधेरीत भाड्याने राहणाऱ्या मुलाचं डिपॉझिट अडकलेलं, आणि एजंट म्हणतो, ‘मी तुम्हाला कधी फोनच केला नव्हता.’ मुलुंडच्या आजोबांना ‘बँकेतून बोलतोय’ म्हणून फोन आला, खात्यातून पैसे गेले, आणि घाबरलेल्या आजोबांनी मुलगा घरी यायच्या आत तो कॉल पुसून टाकला. निव्वळ आठवण म्हणून जुने कॉल शोधणारे थोडेच.

मग पावलं वळतात स्टेशनबाहेरच्या मोबाइल दुरुस्तीच्या गाळ्याकडे. डिस्प्ले, बॅटरी, चार्जिंगचा जॅक या कामांत तिथला कारागीर वाकबगार असतो. पण ‘डिलीट झालेले कॉल येतील का?’ या प्रश्नाला ‘येतील, फोन ठेवून जा’ असं उत्तर आलं, तर फोन आधी खिशात घालावा. याचं कारण त्या माणसाच्या सचोटीत नाही, फोनच्या रचनेत आहे.

मागच्या भागात फोटोंची गोष्ट होती. फोटो पुसला तरी तो काही दिवस कचरापेटीत पडून असतो, तिथून उचलता येतो. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये कॉलच्या यादीला अशी पेटीच नसते. पुसलं की पुसलं. मेसेजचं थोडं बरं आहे. सॅमसंगच्या मेसेज अ‍ॅपमध्ये पुसलेला मेसेज ट्रॅशमध्ये ३० दिवस राहतो. आयफोनमध्ये २०२२ साली आलेल्या आयओएस १६ पासून ‘रिसेंटली डिलीटेड’ हा कप्पा आहे, तोही साधारण तेवढ्याच मुदतीचा. गूगल मेसेजेस वापरणाऱ्यांनी ‘आर्काइव्ह’ आणि ‘स्पॅम अँड ब्लॉक्ड’ हे दोन कप्पे आधी उघडून पाहावेत. बोट जरा आडवं फिरलं की संभाषण आर्काइव्हमध्ये जातं, आणि माणूस ते हरवलं म्हणून गावभर सांगत फिरतो.

कधी कधी तर कोणी काहीच पुसलेलं नसतं. अँड्रॉइडच्या मूळ रचनेत कॉलच्या यादीला मर्यादा आहे: एका सिमकार्डामागे शेवटच्या ५०० नोंदी. पाचशे एकावा कॉल आला की सर्वात जुना गुपचूप बाहेर. काही कंपन्या आपल्या फोनमध्ये ही मर्यादा बदलतात, पण दिवसाला चाळीस-पन्नास फोन घेणाऱ्या इस्टेट एजंटाची यादी मूळ मर्यादेच्या फोनमध्ये पंधरवड्यापलीकडे जात नाही, हे हिशेबानेच दिसतं.

फोनच्या पोटात कॉल आणि एसएमएस साध्या मजकुराच्या फायलीत नसतात, छोट्या डेटाबेसमध्ये असतात. अँड्रॉइडवर एसएमएसच्या डेटाबेसचं नाव ‘एमएमएसएसएमएस डॉट डीबी’. नोंद पुसली की डेटाबेस ती जागा ‘मोकळी’ म्हणून लिहून ठेवतो, मजकूर लगेच खरवडून काढेलच असं नाही. सोसायटीच्या नामफलकावरून नाव उतरलं, पण बिऱ्हाड अजून आतच, अशी ही अवस्था. नवा भाडेकरू आला की मात्र जुनं सामान गेलंच. आणि फोनमध्ये नवे भाडेकरू मिनिटामिनिटाला येत असतात: ओटीपी, जाहिराती, मिस्ड कॉल. म्हणून काही महत्त्वाचं पुसलं गेलं, तर पहिलं काम म्हणजे फोन एअरप्लेन मोडवर टाकणं. रिकव्हरीचं अ‍ॅप डाउनलोड करत बसलं, तर ते अ‍ॅपच मोकळ्या जागेत मुक्काम ठोकतं.

खरी फसगत मात्र पुढे आहे. इंटरनेटवर ‘डिलीटेड एसएमएस रिकव्हरी’ म्हणून विकली जाणारी सॉफ्टवेअर फोन ‘रूट’ करायला, म्हणजे त्याच्या मूळ प्रणालीचा पूर्ण ताबा घ्यायला सांगतात, कारण त्याशिवाय त्या डेटाबेसपर्यंत कोणत्याही अ‍ॅपला पोहोचता येत नाही. रूट करायचं तर बऱ्याच फोनमध्ये आधी बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या प्रोग्रामचं कुलूप, उघडावा लागतो, आणि तो उघडताच फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. हा दोष नाही, चोराच्या हाती माहिती लागू नये म्हणून मुद्दाम केलेली सोय आहे. म्हणजे हरवलेले चार मेसेज शोधायला निघालेला माणूस पहिल्याच पायरीवर उरलेले चार हजार घालवून बसतो. त्यात अँड्रॉइड १० पासून नव्या फोनमध्ये डेटा कुलूपबंद स्वरूपातच साठवणं बंधनकारक आहे. फॅक्टरी रीसेट केला की त्या कुलपाची किल्लीच नष्ट होते. कलिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी पोलिसांनी जप्त केलेल्या फोनची तपासणी होते, तिथली साधनं स्टेशनबाहेरच्या गाळ्यात नसतात. पण नष्ट झालेली किल्ली तिथेही कोणी घडवून देत नाही.

त्यामुळे शहाण्याने फोनच्या पोटात हात घालण्याआधी फोनच्या बाहेर पाहावं. पहिली जागा म्हणजे गूगलचा बॅकअप. सेटिंग्जमध्ये ‘गूगल’, त्यात ‘बॅकअप’ उघडलं की शेवटचा बॅकअप कधी झाला ते दिसतं, आणि खाली ‘एसएमएस’ व ‘कॉल हिस्टरी’ या ओळी दिसतात. फोन चार्जिंगला, वायफायवर आणि दोन तास न वापरता पडलेला असला की बॅकअप आपोआप होतो. बहुतेकांच्या घरी तो रात्री, उशाशी फोन लावल्यावर होतो. इथेच वेळेचा खेळ आहे. दुपारी कॉल पुसले गेले तर आदल्या रात्रीच्या बॅकअपमध्ये ते आहेत. त्या रात्री पुन्हा बॅकअप झाला की जुन्याच्या जागी नवा बसतो, आणि त्यात ते नसतात.

म्हणून त्या रात्री फोन वायफायवर राहू द्यायचा नाही. ‘बॅकअप’चं बटण मात्र बंद करायचं नाही. ते बंद केलं की गूगल जुना बॅकअपही काढून टाकतं. हा बॅकअप उतरवता येतो तो फक्त नवा किंवा रीसेट केलेला फोन सुरू करताना. घरात एखादा जुना, पडून असलेला अँड्रॉइड फोन असेल तर तो रीसेट करून त्यावर आपल्या खात्याने साइन इन करावं आणि यादीतून आपल्या फोनचा बॅकअप निवडावा. मूळ फोनला हात लावायची गरज नाही. अट एवढीच की दुसऱ्या फोनचं अँड्रॉइड पहिल्यापेक्षा जुनं असून चालत नाही. आणि फोन ५७ दिवस वापरलाच नाही तर गूगल त्याचा बॅकअप काढून टाकू शकतं, हेही लक्षात असू द्यावं. गावी दोन महिने राहून आलेल्या आणि फोन कपाटात ठेवून गेलेल्या मंडळींना याचा फटका बसतो.

फटका म्हटल्यावर लोकल आलीच. दारात उभ्या प्रवाशाच्या हातावर रुळालगतच्या खांबावरून किंवा खालून काठी मारून फोन पाडायचा आणि पळवायचा, याला मुंबईत ‘फटका’ असंच नाव पडलंय. अशा वेळी पुसलेल्या नोंदींचा प्रश्नच नाही, अख्खा फोनच गेलेला असतो. तेव्हा करायचं ते असं. रेल्वे पोलिसांत तक्रार, मग ‘संचार साथी’ पोर्टलवर फोन ब्लॉक करणं. त्यासाठी १५ आकडी आयएमईआय क्रमांक लागतो. फोन हातात असतानाच *#०६# दाबून तो वहीत उतरवून ठेवलेला बरा, नाहीतर मग खोक्याचा शोध सुरू होतो. त्याच नंबरचं दुसरं सिम घेतल्यावर पहिले २४ तास एसएमएस येत नाहीत, हा सिम-स्वॅपच्या फसवणुकीविरुद्धचा नियम आहे. त्या दिवशी बँकेचा ओटीपी लागणार असेल तर तयारी ठेवावी. नव्या सिममध्ये जुने मेसेज नसतात, कारण हल्ली ते सिमवर साठवलेच जात नाहीत.

आता दुसरी जागा: मोबाइल कंपनी. इथे लोकांच्या अपेक्षा अवाच्या सवा असतात. कंपनीकडे प्रत्येक एसएमएसची प्रत पडून असते, साहेबांना भेटलं की ती मिळते, असा समज आहे. तसं नाही. एसएमएस पोहोचेपर्यंत कंपनीच्या केंद्रात थांबतो, पोहोचला की पुढे जपला जात नाही. उरतो तो त्याचा हिशेब, ज्याला सगळे ‘सीडीआर’ म्हणतात: कोणत्या नंबरवरून कोणत्या नंबरवर, किती वाजता, किती सेकंद, फोनचा आयएमईआय, आणि कॉल सुरू होताना व संपताना कोणता टॉवर. एसएमएस गेल्याची नोंद त्यात असते, मजकूर नसतो. व्हॉट्सअ‍ॅपवर झालेला कॉल तर त्या यादीत येतच नाही, कंपनीच्या दृष्टीने तो नुसता डेटा. बिल्डर व्हॉट्सअ‍ॅपवरूनच बोलायचा आग्रह धरतो, त्यामागे हेही एक कारण असू शकतं, असं सोसायट्यांच्या सेक्रेटरींनी मनात ठेवायला हरकत नाही.

साध्या ग्राहकाला यातलं थोडं हक्काने मिळतं. पोस्टपेडवाल्याला कॉलवार बिल मागता येतं. प्रीपेडवाल्यालाही दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या २०१२ च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार मागच्या सहा महिन्यांपर्यंतचा तपशील मागता येतो, आणि त्यासाठी कंपनीला ५० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. कंपन्यांच्या स्वतःच्या अ‍ॅपवरही वापराचं स्टेटमेंट उतरवता येतं. हे फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि दुकानात हजारभर रुपये मोजायच्या आधी करायची गोष्ट हीच आहे. यात साधारणपणे केलेले कॉल असतात, आलेले नसतात. एजंटाला तुम्ही केलेला फोन सापडेल, एजंटाने तुम्हाला केलेला नाही. त्यासाठी पूर्ण सीडीआर लागतो, आणि तो पोलीस किंवा न्यायालयामार्फतच निघतो.

‘कुठल्याही नंबरचे कॉल डिटेल काढून देतो’ अशा जाहिराती दिसतात. काही जण नुसते पैसे घेऊन गायब होतात. काही खरोखरच काढून देतात, आणि ते जास्त वाईट. २०१८ च्या सुरुवातीला ठाणे पोलिसांनी बेकायदा सीडीआर विकणारं जाळं उघडकीला आणलं, त्यात खासगी गुप्तहेरांना अटक झाली. नवऱ्याचे किंवा बायकोचे कॉल चोरून मिळवायचे आणि कौटुंबिक न्यायालयात वापरायचे, या मार्गाला लागलेला माणूस फिर्यादी म्हणून जातो आणि आरोपी होऊ शकतो.

कंपनीकडची प्रतही कायमची नसते. दूरसंचार विभागाने डिसेंबर २०२१ मध्ये परवान्याच्या अटी बदलून कॉल नोंदी किमान दोन वर्षं ठेवणं बंधनकारक केलं. त्याआधी ही मुदत एक वर्षाची होती. आपल्याकडे एक खटला वर्षानुवर्षं चालतो आणि नोंदी दोन वर्षांत जाऊ शकतात, यातली विसंगती न्यायालयांनाही जाणवलेली आहे.

गंमत म्हणजे ती लक्षात आणून देणारा निकाल जालन्याच्या निवडणुकीतून आला. २०१४ च्या विधानसभेत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले, कैलास गोरंट्याल यांनी त्याला आव्हान दिलं. वाद होता उमेदवारी अर्ज वेळेत भरला का याचा, आणि पुरावा होता निवडणूक कार्यालयातलं चित्रीकरण. कॉल नोंदींचा तिथे काही संबंध नव्हता. पण १४ जुलै २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र का हवं हे ठरवताना मोबाइल कंपन्यांनाही बजावलं: तपासात एखादा सीडीआर जप्त झाला असेल, तर त्या काळातल्या नोंदी वेगळ्या आणि सुरक्षित ठेवा. आज तेच प्रमाणपत्र भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली लागतं. नुसत्या स्क्रीनशॉटच्या प्रिंट काढून न्यायालयात जाणाऱ्यांची तिथेच अडचण होते.

नोंदी हातच्या गेल्या की काय होतं, याचं सर्वात मोठं उदाहरण पश्चिम रेल्वेच्या रुळांवरच घडलं. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली आणि मीरा रोड इथे लोकलच्या डब्यांत सात स्फोट झाले. खटल्यात आरोपींनी स्वतःच्या मोबाइलच्या कॉल नोंदी मागितल्या. त्या वेळी आपण कुठे होतो, कोणाशी बोललो, हे त्यातून दिसेल, असा त्यांचा दावा. हा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. विशेष न्यायालयाने २०१५ साली १२ जणांना दोषी ठरवलं. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं, आणि या कॉल नोंदी न्यायालयापुढे आल्या नाहीत याबद्दल तपासावर बोट ठेवलं. सर्वोच्च न्यायालयाने लगेच हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असं सांगितलं, त्यामुळे अंतिम शब्द अजून बाकी आहे. पण १९ वर्षांनंतर एका कॉलची वेळ तपासायला जावं आणि यादीच नसावी, ही दोन्ही बाजूंची हानी आहे.

घरगुती भांडणं एवढी मोठी नसतात, पण रीत तीच. पोलिसांत तक्रार देताना अर्जातच लिहावं, की अमुक नंबरच्या अमुक तारखांच्या नोंदी जपून ठेवण्याबद्दल कंपनीला कळवावं. वकिलालाही पहिल्याच भेटीत तारखा द्याव्यात. बँकेचे, वीजबिलाचे, गॅसचे एसएमएस शोधण्यात तर वेळच घालवू नये. व्यवहार बँकेच्या स्टेटमेंटमध्ये असतो. बिल अंधेरी-बोरिवलीत अदानीच्या आणि मुलुंडमध्ये महावितरणच्या खात्यात दिसतं.

आणि फसवणुकीचा फोन असेल, तर कॉल परत मिळवायच्या आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावावा. पैसे पुढच्या खात्यांत पसरण्याआधी तिथे अडवले जाऊ शकतात. नंबर नंतरही बँक आणि कंपनीच्या कागदांतून निघतो.

(पुढच्या आठवड्यात : व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप रात्री दोन वाजता कुठे जातो?)