समुद्रकांठचें हिम

आमच्या बालवाचकांपैकीं पुष्कळांनीं वळवाच्या पावसांत गारा वेंचल्या असतील; हिम मात्र थोड्यांनींच पाहिलें असेल. दोन्ही गोठलेलें पाणीच खरें. परंतु गार वादळी मेघांत वरखालीं होत घट्ट बनते व वेगानें पडते, म्हणून ती उन्हाळ्यांतही न वितळतां जमिनीस पोंचते. हिमाचे हलके षट्कोनी स्फटिक सावकाश तरंगत येतात, आणि वाटेंत उबदार हवा लागली कीं त्यांचा पाऊस होतो.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रॅन्सिस्को शहर तीन बाजूंनीं पाण्यानें वेढलेलें आहे. उन्हाळ्यांत तेथें धुकें, हिवाळ्यांत पाऊस. कडाक्याची थंडी क्वचितच. अशा ठिकाणीं ता. ५ फेब्रुवारी १८८७ रोजीं मध्यवस्तींत ३.७ इंच व पश्चिमेकडील टेकड्यांवर सुमारें ७ इंच बर्फ पडलें. पुढें ८९ वर्षांनीं, ता. ५ फेब्रुवारी १९७६ रोजीं, मध्यवस्तींत एक इंच व ट्विन पीक्स नांवाच्या जोडटेकड्यांवर पांच इंचांपर्यंत पडलें. तारीख एकच आली हा योगायोग होय. त्यांत कोणीं ज्योतिष शोधूं नये.

मग एरवीं तेथें बर्फ कां पडत नाहीं? ढगांची तर वाण नाहीं. खरी अडचण ही कीं, थंडी आणि ओलावा यांची गांठ पडत नाहीं. वारा समुद्रावरून आला म्हणजे मेघ आणतो, पण तें पाणी हिवाळ्यांतही दहाबारा अंश सेंटिग्रेड असल्यामुळें तो ऊबही घेऊन येतो. वारा जमिनीवरून आला तर थंडी आणतो, पण तो कोरडा असतो. न पटणाऱ्या दोन जावांप्रमाणें एक घरांत आली कीं दुसरी बाहेर पडते! हिमवृष्टि व्हावयाची तर उत्तरेकडील फार थंड हवेनें समुद्रावरून थोडाच प्रवास केला पाहिजे. ओलावा मिळावा, पण ऊब फारशी लागूं नये.

एवढ्यानेंही काम भागतेंच असें नाहीं. एक ग्रॅम बर्फ वितळण्यास सुमारें ८० कॅलरी उष्णता लागते, व ती तें भोंवतालच्या हवेंतून घेतें. सर जोराची असली म्हणजे आधीं आलेलें हिम स्वतः वितळून हवा गार करतें आणि मागून येणाऱ्या हिमास वाट मोकळी होते. आम्हांस या सर्व प्रकरणांत हीच गोष्ट अधिक नवलाची वाटते.

टेकड्यांवर बर्फ अधिक पडलें याचें कारण सोपें आहे. ट्विन पीक्सची उंची सुमारें २८० मीटर. तेवढ्या चढावर उष्णता साधारणपणें दोन अंशांनीं घटते, आणि गोठणबिंदूच्या उंबरठ्यावर दोन अंश पुष्कळ झाले.

१९७६ चें तें बर्फ फार वेळ टिकलें नाहीं. त्यानंतर मध्यवस्तींत मोजण्याजोगें बर्फ पडलेलें नाहीं. त्या दिवशीं शाळेंत जाणारीं मुलें आतां आजीआजोबांच्या वयाचीं झालीं आहेत.