ताप इंजिनाला की तापमापीला?

कर्जतजवळच्या कोंडाणे गावी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी माणसांनी छिन्नी-हातोड्याने बसाल्टच्या काळ्या कातळात लेणी कोरली. आज त्याच कातळाशी झुंजते ते पोकलेन. (हे खरे तर एका फ्रेंच कंपनीचे नाव; आपल्याकडे ते यंत्राचेच नाव होऊन बसले.) पनवेल-कर्जत या नव्या रेल्वेमार्गासाठी वावर्ल्याजवळ अडीच किलोमीटरहून लांब बोगदा खणला गेला, तो याच प्रकारच्या खडकातून. पोकलेनला खडक फोडणारा ब्रेकर लावला की सगळे यंत्र हादरत राहते. त्यात या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. हादरे आणि पाणी हे दोन्ही विजेच्या तारांचे शत्रूच.

पूर्वीच्या डिझेल इंजिनात बिघाड झाला की मिस्त्री कानाने आणि हाताने तो शोधत. आताच्या बहुतेक इंजिनांत किती डिझेल केव्हा फवारायचे हे एक छोटा संगणक ठरवतो. त्यासाठी त्याला सेन्सर, म्हणजे संवेदक, माहिती पुरवतात: शीतक पाण्याचे तापमान, तेलाचा दाब, इंजिनाच्या फेऱ्या. माहिती विपरीत आली की दिवा लागतो, इंजिनाची ताकद कमी केली जाते, कधी ते बंदही पडते. मग सल्ला येतो, "सेन्सर गेलाय, बदलून टाका." नवा सेन्सर बसतो, आणि दुसऱ्या दिवशी तोच दिवा पुन्हा लागतो! असे का होते?

आधी तापमानाचा सेन्सर समजून घेऊ. त्यात थर्मिस्टर असतो. हा अर्धवाहक पदार्थाचा तुकडा तापला की त्याचा रोध कमी होतो. नेहमीच्या एका प्रकारात २० अंश सेल्सिअसला रोध सुमारे २५०० ओहम, ८० अंशांना सुमारे ३२५ आणि १०० अंशांना सुमारे १८५ ओहम असतो. संगणकाला रोध थेट 'दिसत' नाही. तो स्वतःजवळच्या एका ठरावीक रोधातून ५ व्होल्ट पाठवतो आणि थर्मिस्टरच्या दोन टोकांमधील विभवांतर मोजतो. संगणकातला रोधही २५०० ओहम आहे असे समजू. मग २० अंशांना विभवांतर बरोबर निम्मे, म्हणजे २.५ व्होल्ट, १०० अंशांना ते ०.३५ व्होल्टपर्यंत उतरते.

आता तार तुटली तर? प्रवाह थांबतो आणि संगणकाला पूर्ण ५ व्होल्ट दिसतात. त्याच्या दृष्टीने याचा अर्थ, पाणी उणे ४० अंशांच्या आसपास आहे! दोन तारा घासून एकमेकींना चिकटल्या तर शून्य व्होल्ट, म्हणजे भयंकर उष्ण. कर्जतमध्ये उणे ४० अंश अशक्य, हे संगणक बनवणाऱ्यांनाही ठाऊक असते. म्हणून टोकाची विभवांतरे आली की 'हे तापमान नव्हे, हा विजेचा दोष' अशी नोंद होते.

ही नोंद सांकेतिक आकड्यांत असते. अवजड यंत्रांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या जे-१९३९ या पद्धतीत ११० म्हणजे शीतकाचे तापमान आणि १०० म्हणजे तेलाचा दाब. त्यापुढचा आकडा दोषाचा प्रकार सांगतो: ३ म्हणजे विभवांतर फार जास्त, ४ म्हणजे फार कमी, ० म्हणजे मापन विश्वसनीय, पण मूल्यच धोकादायक जास्त, आणि १ म्हणजे ते धोकादायक कमी. ११०-३ आला तर ताप तापमापीला. ११०-० आला तर तो इंजिनाला! १००-१ दिसताच इंजिन ताबडतोब बंद करायला हवे, कारण तेलाचा दाब खरोखर गेला असेल तर बेअरिंगे काही क्षणांत खराब होतात. "सेन्सरच खोटं बोलतोय" असे म्हणून काम चालू ठेवले तर दुरुस्तीचा खर्च यंत्रमालकाचे कंबरडे मोडू शकतो. शंका असल्यास साधा यांत्रिक दाबमापक लावून खात्री करावी.

११०-३ आला, तरी दोष सेन्सरचा, जोडणीचा की तारेचा? एक सोपी परीक्षा आहे. सेन्सरचा प्लग काढून त्यातली दोन टोके तारेने जोडायची. संकेत ३ वरून ४ वर गेला, तर तारा आणि संगणक ठीक. दोष सेन्सरमध्ये किंवा त्याच्या जोडणीत. काहीच बदलले नाही, तर नवा सेन्सर घेऊन उपयोग नाही, तार शोधा. ही युक्ती फक्त दोन तारांच्या सेन्सरसाठी आहे. दाबाच्या सेन्सरला तीन तारा असतात आणि त्यांतील ५ व्होल्टची तार अनेकदा बऱ्याच सेन्सरना सामाईक असते. त्यामुळेच एका सेन्सरमध्ये तार चिकटली की चार-पाच दोष एकदम दिसतात. एवढे सेन्सर एकाच वेळी कसे बिघडतील, हा प्रश्न तिथेच पडायला हवा.

सर्वांत फसवा दोष मात्र संकेत न देणारा. पावसाचे पाणी कनेक्टरमध्ये शिरून टोके गंजली आणि १५० ओहमचा जादा रोध आला असे समजा. सकाळी थंड इंजिनात २५०० चे २६५० ओहम होतात. तापमान फक्त दीडेक अंशाने चुकते. कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण पाणी १०० अंशांवर पोचले की १८५ चे ३३५ ओहम होतात, आणि संगणक वाचतो सुमारे ७९ अंश! इंजिन उकळत असताना काटा 'सगळे ठीक' सांगतो. विभवांतर मर्यादेतच असल्याने दिवाही लागत नाही. म्हणून ही तपासणी गरम इंजिनावर, वेगळ्या तापमापीशी ताडून करायची. मात्र गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये.

हे सारे वर्गात करून पाहता येते. १० किलोओहमचा थर्मिस्टर, तेवढाच साधा रोध, दीड व्होल्टचे तीन सेल आणि मल्टिमीटर घ्या. थर्मिस्टर आणि रोध एकसरीत जोडा. २५ अंशांना थर्मिस्टरवर सुमारे सव्वादोन व्होल्ट दिसतील. त्याला पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून ५० अंशांच्या पाण्यात बुडवा, विभवांतर १.२ व्होल्टच्या आसपास येईल. मग एक तार सोडवा, नंतर थर्मिस्टरची टोके जोडा, आणि शेवटी एकसरीत एक किलोओहमचा रोध घालून 'गंज' आणा. गंजामुळे येणारी चूक थंड पाण्यात जास्त की गरम पाण्यात, हे विद्यार्थ्यांना आधी ओळखायला सांगा.

आणि एक प्रश्न त्यांच्यासाठी: तापल्यावर ज्याचा रोध वाढतो असा सेन्सर वापरला असता, तर गंजलेल्या जोडणीने इंजिन खऱ्यापेक्षा थंड दाखवले असते की गरम? आणि या दोन चुकांपैकी कोणती परवडली असती?