चूक पोटांत घालणारें लोखंड

छत्रपति संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, शहागंजांत बाजारहाट करणाऱ्या माणसाला वस्तु पारखण्याची कला वेगळी शिकवावी लागत नाहीं. घड्याळाचा मनोरा आणि १७२० च्या सुमारास बांधलेली मोठी मशीद यांच्या आसपासच्या गजबजाटांत गिऱ्हाईक टरबुजावर टिचकी मारून तें पिकलें कीं कच्चें हें ओळखतें. तांब्याचें भांडें वाजवून त्याचा नाद ऐकतें, आणि मग तें उपडें करून त्याच्या बुडाला कोठें सांधा किंवा डाग आहे काय हें पाहतें. परंतु याच गिऱ्हाइकापुढें गोल्फच्या लोखंडी काठ्यांचा एखादा संच ठेवला तर त्याची पारख लंगडी पडते. विक्रेता सांगतो, ‘हा संच खेळ सुधारणारा आहे, खेळणाऱ्याच्या चुका तो पोटांत घालतो.’ लोखंडाला पोट असतें काय, आणि असल्यास त्यांत कोणती चूक मावते व कोणती मावत नाहीं, याचा उलगडा झाल्यावांचून खिशांत हात घालणें शहाणपणाचें नव्हे.

गोल्फ हा खेळ आपल्याकडे नवा नाहीं. कलकत्त्यास १८२९ सालीं, मुंबईस १८४२ सालीं आणि पुण्यास १८८५ सालीं त्याच्या संस्था निघाल्या. चेंबूरचें मैदान १९२७ पासूनचें आहे. पूर्वीं हा साहेबांचा व संस्थानिकांचा खेळ होता. आज नोकरींतून मोकळा झालेला गृहस्थ, डॉक्टर, कारखानदार, क्वचित् एखादी गृहिणीहि चाळिशी-पन्नाशी उलटल्यावर त्याकडे वळते. कारण त्यांत चालणें पुष्कळ आणि धावणें मुळींच नाहीं. अशा माणसाचा पहिला मोठा खर्च म्हणजे लोखंडी काठ्यांचा संच. नामांकित कारखान्याचा नवा संच लाख रुपयांच्या आसपास जातो. ही रक्कम मध्यम स्थितींतल्या कुटुंबाला लहान नव्हे. शिवाय पैशापेक्षांहि मोठें नुकसान दुसरेंच असतें. चुकीचा संच हातीं आला म्हणजे माणूस दोष लोखंडाला न देतां स्वतःला देतो, आणि ‘हें आपल्या वयाला जमणारें नाहीं’ असें म्हणून चार महिन्यांत पिशवी माळ्यावर टाकतो.

प्रथम वस्तूचा परिचय. खेळाडू या काठीला ‘क्लब’ म्हणतात; खेळाच्या संस्थेशीं घोटाळा होऊं नये म्हणून येथें काठी हाच शब्द योजिला आहे. पिशवींत चौदांहून अधिक काठ्या ठेवूं नयेत असा नियम अमेरिकेंत १९३८ सालीं व ब्रिटनमध्यें १९३९ सालीं झाला. त्यांपैकीं लोखंडी डोक्याच्या ज्या काठ्या त्यांना ‘आयर्न’ म्हणतात व त्यांवर क्रमांक घातलेले असतात. क्रमांक वाढेल तसा काठीच्या तोंडाचा मागला कल वाढतो, दांडा आंखूड होतो, चेंडू अधिक उंच चढतो आणि अधिक जवळ पडतो. सात क्रमांकाच्या काठीचें डोकें वजनानें पाव किलोहून किंचित् अधिक भरतें. चेंडू ४६ ग्रॅमहूनहि थोडा हलका असतो आणि काठीचें तोंड त्याला सेकंदाच्या सुमारें दोनहजाराव्या भागापुरतेंच शिवतें. एवढ्या अवधींत मनुष्याच्या हाताला कोणतीहि दुरुस्ती करतां येत नाहीं. जें कांहीं करावयाचें तें काठीच्या घडणींत आधींच करून ठेवलेलें असावें लागतें.

ज्यानें लहानपणीं विटीदांडू किंवा क्रिकेट खेळलें आहे त्याला पुढची गोष्ट हाताच्या अनुभवानेंच ठाऊक असते. चेंडू बॅटच्या मर्मावर बसला तर फटका लोण्यासारखा निघतो; टोंकाला किंवा कडेला लागला तर हाताला झिणझिण्या येतात, बॅट मुठींत फिरते आणि चेंडू चार पावलांवर मरतो. गोल्फच्या काठीचें मर्म तर फारच लहान. जुन्या काळीं हीं डोकीं लोखंडाचा एकच तुकडा ठोकून बनवीत. त्यांचा आकार पात्यासारखा असून बहुतेक वजन मर्माच्या पाठीमागें एकवटलेलें असे. मर्मावर बसलेल्या फटक्याला या पात्याची सर येत नाहीं. परंतु फटका बोटभर बाजूला लागला कीं पातें पिळून फिरतें, त्याचा वेग चेंडूंत उतरत नाहीं व चेंडू वाटेंतच ढेपाळतो.

यावर उपाय काय? तो डोंबाऱ्याच्या खेळांत पाहावयास मिळतो. दोरीवर चालणारी पोर हातांत आडवी लांब काठी धरते. त्याच वजनाचा आंखूड सोटा तिला दिला तर तिचा तोल संभाळणार नाहीं. कारण वजन मध्यापासून जितकें दूर, तितका तें फिरण्यास विरोध करतें. हा विरोध अंतराच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. तेंच वजन दुप्पट दूर नेलें कीं विरोध चौपट होतो. काठीच्या डोक्याची पाठ कोरून पोकळ केली आणि वांचलेलें लोखंड कडांना, म्हणजे टोंकाकडे, टांचेकडे व तळाकडे, वांटून दिलें, तर वजन न वाढवितांहि डोकें पिळण्यास नाखूष होतें. ‘चूक पोटांत घालणें’ म्हणतात तें मुख्यतः हेंच. लोखंडाचें पोट म्हणजे पाठीमागची पोकळी.

ही कल्पना बाजारांत रूढ करणाऱ्यांत कार्स्टन सोल्हाइम यांचें नांव अग्रगण्य आहे. ते १९११ सालीं नॉर्वेंतील बर्गन येथें जन्मले व बालपणींच अमेरिकेस गेले. वडील चांभारकाम करीत. पैशाअभावीं शिक्षण अर्धवट टाकून त्यांनींहि जोडे दुरुस्तीचें दुकान चालविलें. पुढें ते यंत्रज्ञ झाले. गोल्फची काठी त्यांनीं प्रथम हातीं धरली ती बेचाळिसाव्या वर्षीं, आणि जवळचा चेंडू भोकांत घालतांना त्यांची फजिती होऊं लागली. त्यांनीं स्वतःला न कोसतां काठीला प्रश्न विचारला. १९५९ सालीं घरच्या गॅरेजमध्यें त्यांनीं वजन दोन टोंकांना विभागलेली एक काठी बनविली. चेंडूला लागतांच तिचा जो ‘पिंग’ असा नाद निघे त्यावरून त्यांच्या कारखान्याचें नांव पडलें. तेंच तत्त्व त्यांनीं पुढें लोखंडी काठ्यांना लावलें, आणि त्यांचा १९८२ सालचा ‘आय-टू’ हा संच जगभर गाजला. अशीं पोकळ पाठीचीं डोकीं ठोकून घडविण्याऐवजीं मेणाच्या नमुन्यावरून ओतून काढणें सोयीचें पडलें. ही ओतकामाची रीत भारताला परकी नाहीं; बाराव्या शतकांतील चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत धातुमूर्ति अशाच रीतीनें ओतण्याची कृति वर्णिलेली आहे.

कडांवरील वजनाशिवाय अशा संचांत आणखी तीन सोयी असतात. पहिली, वजन खालीं व मागें नेलेलें असतें. त्यामुळें चेंडू सहज उंच उचलला जातो. दुसरी, तळ रुंद असतो. नांगराचा फाळ जमिनींत शिरतो, पण रुंद फळी ढेकळांवरून सरकते. त्याच न्यायानें चेंडूच्या मागें जमिनीला लागलेली रुंद तळाची काठी रुतत नाहीं. पावसाळ्यांतील मऊ हिरवळीवर हा मोठाच फायदा. परंतु मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत टणक झालेल्या जमिनीवर असा तळ कधीं उसळतो व काठी चेंडूच्या मध्यावर आदळते. तिसरी सोय म्हणजे काठीचें तोंड दांड्याच्या रेषेपासून किंचित् मागें ठेवलेलें असतें, त्यामुळें तोंड सरळ होण्यास क्षणभर अधिक अवसर मिळतो. उजव्या हातानें खेळणाऱ्या ज्या माणसाचा चेंडू नेहमीं उजवीकडे वळून जातो त्याला हें हितकर. ज्याचा आधींच डावीकडे वळतो त्याला तेंच अहितकर. एकाचें औषध तें दुसऱ्याचें अपथ्य.

आतां विक्रीच्या दुकानांतील मुख्य भूल सांगितली पाहिजे. गिऱ्हाइकाच्या हातीं नवी सात क्रमांकाची काठी देतात. चेंडू त्याच्या जुन्या ‘सात’पेक्षां पंधरा-वीस यार्ड लांब जातो आणि गिऱ्हाईक खुलतें. परंतु चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीं सात क्रमांकाच्या तोंडाचा कल ३५-३६ अंश असे. आजच्या अशा पुष्कळ संचांत तो २८ ते ३० अंश असतो. म्हणजे अंगावर सात लिहिलेली ही काठी जुन्या हिशेबानें पांच किंवा सहा क्रमांकाची आहे. यांत सर्वस्वीं फसवणूकच आहे असें नव्हे; वजन खालीं नेल्यामुळें कमी कलाच्या काठीनेंहि चेंडू पुरेसा उंच जाऊं शकतो. तथापि पाटीवरचा आंकडा बदलल्यानें मुलगा वरच्या इयत्तेंत जात नाहीं. शिवाय याची किंमत दुसऱ्या टोंकाला मोजावी लागते. संचांतील शेवटची ‘पिचिंग वेज’ पूर्वीं ४८ ते ५० अंशांची असे, ती आतां ४३-४४ वर आली. वाळूंतून चेंडू काढावयाची काठी मात्र ५४ ते ५६ अंशांवरच राहिली. मधली दहा-बारा अंशांची खिंड भरण्यास आणखी एक काठी विकत घ्यावी लागते. म्हणून संचाचा भाव विचारतांना प्रत्येक काठीचा कल विचारावा आणि अंशांच्या हिशेबानेंच दोन संचांची तुलना करावी.

मग परीक्षा घ्यावी तरी कशी? मैदानावर जाऊन दोन्ही संचांतील समान कलाच्या काठ्या घ्याव्या. चेंडू एकाच जातीचे असावेत. पांच चेंडू एका काठीनें, पांच दुसरीनें, असे आळीपाळीनें वीस-वीस मारावे, म्हणजे थकवा दोघींच्या वाट्याला सारखा येतो. शक्य असल्यास हें दोन निरनिराळ्या दिवशीं करावें. कृत्रिम चटईवर घेतलेला निकाल खरा मानूं नये; चटईवर मागें लागलेली काठीहि घसरून चेंडूपर्यंत पोंचते आणि चूक झांकली जाते. पांढऱ्या फळ्यावर लिहावयाच्या, पुसतां येणाऱ्या शाईचा ठिपका चेंडूवर काढून तो भाग काठीकडे ठेवला, तर तोंडावर कोठें फटका बसला याचा शिक्का उमटतो. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे ‘हा चुकला, हा धरूं नका’ असें एकाहि चेंडूच्या बाबतींत म्हणूं नये. माणूस उत्तम फटका लक्षांत ठेवतो व वाईट विसरतो. परीक्षा नेमकी त्या वाईटाचीच आहे.

समजा, पहिल्या काठीचा उत्तम चेंडू १५० यार्ड गेला व सर्वांत वाईट पांच ११० च्या आंतच पडले. दुसरीचा उत्तम १४० च गेला, पण वाईट पांचहि १२५ च्या पलीकडे पोंचले. समोर तळें असून तें ओलांडण्यास १२० यार्ड लागत असतील तर पहिली काठी वीसांतून पांच वेळां चेंडू पाण्यांत टाकील. दुसरी एकदांहि नाहीं. दुकानांत पहिली काठी जिंकते, मैदानावर दुसरी. त्याबरोबरच चेंडू किती उभा उतरतो हेंहि पाहावें; सुमारें ४५ अंशांत उतरणारा चेंडू ग्रीनवर थांबतो, सपाट येणारा घरंगळून पलीकडे जातो. लांबी मिळून थांबणें गेलें तर ती लांबी कुचकामाची.

दांड्याकडेहि दुर्लक्ष करूं नये. पोलादी दांडा साधारणपणें ९५ ते १३० ग्रॅमचा, ग्रॅफाइटचा बहुधा ५० ते ८० ग्रॅमचा असतो; साठीच्या माणसाच्या खांद्यांना व कोपरांना हा फरक तासाभरांत कळतो. चेंडूवर उभी रेघ ओढून फटका मारावा. तोंडावर उमटलेली रेघ तिरपी दिसली तर काठीचा बसाव उंचीस जुळत नाहीं असें समजावें. असा वांकडा बसाव कित्येकदां कारागिराकडून वांकवून घेतां येतो, परंतु काठी तशी दुरुस्त होण्याजोगी आहे काय हें आधींच विचारलेलें बरें.

येथें एक आक्षेप नेहमीं येतो. चुका पोटांत घालणारें साधन शिकणाऱ्याला बिघडवीत नाहीं काय? आक्षेप वजनदार आहे. कारण हाताला झिणझिण्या आल्याच नाहींत तर फटका कोठें लागला हें कळावें कसें? परंतु हें लोखंड कोणती चूक माफ करतें तें नीट पाहावें. फटका तोंडाच्या मध्यापासून थोडा ढळला तर तेवढी हानि तें कमी करतें. काठीचें तोंडच उजवीकडे वळलेलें असेल, तर चेंडू बिनदिक्कत उजवीकडेच जातो. मुलाला प्रथम दुरेघी वही देतात, ती त्याचें अक्षर ओळींत ठेवते; ती त्याचें शुद्धलेखन सुधारीत नाहीं. म्हणून कोणी दुरेघी वही फेंकून देत नाहीं, आणि तिच्या भरंवशावर मास्तरहि काढून टाकीत नाहीं. तोंडावरील शिक्के महिन्यांतून एकदां तपासले म्हणजे झिणझिण्यांची उणीव भरून निघते.

पुण्यांत जन्मलेले अनिर्बान लाहिरी किंवा २०२१ सालीं टोकियोच्या ऑलिम्पिकमध्यें खेळलेले पुण्याचे उदयन माने यांच्या पिशवींत काय आहे हें पाहून खरेदी करणें हेंहि तितकेंच अनाठायीं. त्यांचा सराव हाच त्यांचा खरा संच आहे. आठवड्यांतून एकदां मैदानावर जाणाऱ्या गृहस्थानें आपल्या वीस फटक्यांचा कागद समोर ठेवून निर्णय करावा. जुन्या संचाचे वाईट फटके नव्याइतकेच दूर जात असतील तर लाख रुपये वांचले. त्यांतले थोडे एखाद्या चांगल्या शिक्षकाला द्यावे. नव्या संचाचे वाईट फटके खरोखर सुधारले असतील तर तो निःशंक घ्यावा. उतारवयांत मिळालेला खेळाचा आनंद महाग नसतो. शहागंजांतील जाणतें गिऱ्हाईक भांड्याची झळाळी पाहून दाम देत नाहीं. तें भांडें उपडें करून बूड पाहतें. वीस फटक्यांतले शेवटचे पांच हें या लोखंडाचें बूड होय.