पाच ते सात : शाळा सुटल्यानंतरचे दोन तास

गटाच्या बैठकीत आपण बचतीचा, कर्जाचा, हप्त्याचा हिशोब करतो. आज दोन तासांचा हिशोब करू. गावातली शाळा साधारण पाचला सुटते. खुरपणीला, कापूस वेचायला गेलेली आई सातला घरी येते. मधल्या दोन तासांत पोरं कुठं असतात? कुणी रस्त्यावर, कुणी मोबाइलमध्ये. थोरली मुलगी असेल तर धाकट्याला काखेत घेऊन चुलीपुढं. तिचं दप्तर खुंटीला लागतं ते दुसऱ्या दिवशीच निघतं.

ज्यांच्याकडं पैसे आहेत ते शिकवणी लावतात. आपल्यातल्या बऱ्याच जणींना ते परवडत नाही. मग सरकारनंच गावोगाव संध्याकाळचा वर्ग चालवला तर? एका राज्यानं हे करून पाहिलंय. ते राज्य म्हणजे तमिळनाडू.

कोरोनाच्या काळात तिथल्या लहान मुलांच्या शाळा दीड वर्षाहून जास्त बंद होत्या. मुलं वाचायला, हातच्याची बेरीज करायला विसरली. ऑक्टोबर 2021 मध्ये तिथल्या सरकारनं विळुप्पुरम जिल्ह्यातून एक योजना सुरू केली. नाव ‘इल्लम तेडी कल्वी’, म्हणजे घर शोधत आलेलं शिक्षण. आधी काही जिल्हे घेतले, मग सगळ्या राज्यात वर्ग पसरले.

पद्धत साधी होती. पहिली ते आठवीची मुलं. संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान तास-दीड तास. साधारण वीस मुलांमागं एक शिकवणारी, आणि तीही त्याच वस्तीतली. पहिली ते पाचवीसाठी बारावी पास, सहावी ते आठवीसाठी पदवीधर. जागा म्हणजे समाजमंदिर, शाळेची खोली, नाहीतर कुणाचा ओटा. गाणी, गोष्टी, खेळ यांतून वाचन आणि गणित. अर्ज मागवून, पारखून, प्रशिक्षण देऊन माणसं नेमली. राज्यभरात सुमारे दोन लाख जण पुढं आले आणि त्यांत बहुसंख्य महिला होत्या. शिकून लग्न झालेल्या, घरात बसलेल्या, आपल्यासारख्याच.

फरक पडला का? कार्तिक मुरलीधरन, अभिजित सिंग आणि मॉरिसिओ रोमेरो या अर्थतज्ज्ञांनी तमिळनाडूच्या खेड्यांतल्या सुमारे 19,000 मुलांची चाचणी घेऊन हे तपासलं. शाळा उघडल्यावर सहा महिन्यांत मुलांचं जेवढं बुडालं होतं, त्यातलं दोन तृतीयांश भरून निघालं. या भरपाईतला सुमारे 24 टक्के वाटा संध्याकाळच्या वर्गांचा होता. म्हणजे चार आण्यांतला जवळजवळ एक आणा. बाकीचं काम शाळेनं आणि घरानं केलं. वर्ग हा शाळेला जोड आहे, शाळेच्या जागी नाही, हे यातून कळतं.

त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. शाळा बंद असताना गरिबाघरच्या मुलांचं नुकसान जास्त झालं होतं, पण भरून निघालं तेही त्यांचंच जास्त. कारण या वर्गाला तीच मुलं अधिक आली. शिकवणी पैसेवाल्याला पुढं नेते. फुकटचा वर्ग मागं राहिलेल्याला हात देतो.

इथवर ऐकून आमच्या एका गटातल्या ताई म्हणाल्या, “चांगलंच आहे की. पण शिकवणारीला मिळतं काय?”

प्रश्न बरोबर आहे. तिथं महिन्याला 1,000 रुपये ठरले. आता हिशोब करा. महिन्याचे 22 दिवस, रोज दीड तास, झाले 33 तास. तासाला साधारण 30 रुपये. वर्गाची तयारी, मुलांना घरून बोलावून आणणं हे वेगळंच. खुरपायला गेलं तर तासाचा दाम याहून बरा पडतो. याला पगार म्हणत नाहीत, मजुरीही म्हणत नाहीत. काम स्वयंसेवेचं, म्हणून प्रोत्साहन म्हणतात. आशाताईंच्या आणि अंगणवाडीताईंच्या बाबतीत आपल्याकडं ‘मानधन’ म्हणतात. मान आहे, पण धन किती, हे त्यांनाच विचारा.

म्हणून आमचं म्हणणं असं : अशी योजना आपल्याकडंही प्रत्येक गावात हवी. पण ती बाईच्या स्वस्त श्रमावर उभी राहता कामा नये. एखादी ताई हौसेनं वर्ष-दोन वर्षं शिकवील. पुढं तिला जास्त पैशाचं काम मिळालं की ती जाईल आणि वर्ग बंद पडेल. नुकसान पुन्हा त्याच मुलांचं. शिकवणारीला नीट मोबदला मिळणं हा तिचा हक्क आहेच, शिवाय वर्ग टिकण्याची अटही तीच आहे.

मग आपण काय करायचं? वाट बघत बसायचं नाही. आपल्या दशसूत्रीत शिक्षण आहे आणि पंचायतीतला सहभागही आहे. तीन गोष्टी आपल्या हातात आहेत.

पहिली, शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या महिला. आपल्या गावच्या समितीत कोण आहे ते विचारा. शाळा सुटल्यावर एक खोली वर्गासाठी मिळेल का, हा विषय तिथं मांडा.

दुसरी, महिलासभा. ती ग्रामसभेच्या आधी होते. तिथं ठराव करा : संध्याकाळी मुलांना जागा, दिवा, पाणी आणि शिकवणारी हवी. मुलींनी अंधारात एकटं परतायचं नाही, याचीही व्यवस्था ठरावात लिहा. तोंडी बोललेलं विसरलं जातं, ठरावाच्या वहीतलं राहतं.

तिसरी, पैसा. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नाच्या 10 टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करायची असते. समजा पंचायतीचं उत्पन्न तीन लाख आहे. मग ही रक्कम झाली 30,000. शिकवणारीला महिन्याला 2,000 दिले तर वर्षाचे 24,000. उरलेल्यात फळा, खडू, गोष्टींची पुस्तकं. सुरुवात होते.

पण जिथं पंचायतीचं उत्पन्नच पन्नास हजार आहे, तिथं काय? तिथं 10 टक्के म्हणजे पाच हजार. त्यात तीन महिनेसुद्धा निघत नाहीत. आणि अशाच वाड्या-वस्त्यांवर, तांड्यांवर, पाड्यांवर वर्गाची गरज सगळ्यात जास्त असते. म्हणून हे एकट्या गावावर सोडून चालत नाही. राज्याच्या अंदाजपत्रकातच पैसा हवा, दरवर्षी हवा. सरपंच चांगला म्हणून वर्ग चालू, सरपंच बदलला म्हणून बंद, असं मुलांच्या नशिबी यायला नको.

गावात सुरू केलेला एक वर्ग ही मागणीची पहिली पायरी आहे. आमदारांकडं नुसता अर्ज घेऊन जाण्यापेक्षा हजेरीची वही घेऊन जाऊ. जूनमध्ये किती मुलांना वाचता येत नव्हतं, दिवाळीपर्यंत किती वाचू लागली, हे त्यात मांडलेलं असू द्या. हिशोबाच्या वह्या लिहायला आपण गटात शिकलोच आहोत.

या आठवड्याच्या बैठकीत हप्ते जमा झाले की एवढंच विचारा : आपल्या सभासदांची किती मुलं पाच ते सात या वेळात एकटी असतात? नावं लिहा. शेजारी इयत्ता लिहा. आणि ज्या मुलीच्या काखेत धाकटा भाऊ असतो, तिचं नाव सगळ्यात वर लिहा.