हुकावरचा भार

उन्हाळ कांदा चाळीतून निघायला लागला की निफाड तालुक्यातल्या मळ्यांत भल्या पहाटे ट्रॉल्या लागतात. लासलगाव नाहीतर पिंपळगाव बसवंतच्या लिलावाला वेळेत पोचायचं असतं. बायका पाट्या भरून देतात, ट्रॉलीतला गडी त्या रित्या करतो. मागचा फाळका उघडा असल्यामुळे ढीग आधी मागेच साचत जातो. जाणता ड्रायव्हर तिथंच हटकतो, ‘पुढं लोटा, पुढं!’

वजन सगळीकडे सारखं पसरावं, असं वरवर पाहणाऱ्याला वाटतं. डाव्या-उजव्या बाजूचं ते खरंही आहे; एका कडेला कलंडलेली ट्रॉली कालव्याच्या भरावावरून नेण्याची हौस कुणाला नसते. पुढं-मागं मात्र सारखेपणा चालत नाही. दोनचाकी ट्रॉलीला एकच ॲक्सल, त्यामुळे मालाचा मध्य त्याच्या किंचित पुढंच हवा.

हिशेब सोपा आहे. हुकापासून ॲक्सलपर्यंत 3 मीटर अंतर आणि ट्रॉलीत 3,000 किलो कांदा धरा. ढिगाचा मध्य ॲक्सलच्या 30 सेंटिमीटर पुढं असेल, तर त्या मालाचे 300 किलो हुकावर येतात. तोच मध्य ॲक्सलच्या 15 सेंटिमीटर मागं गेला, तर माल हुकाला 150 किलोच्या जोरानं वर ओढू लागतो. दोन्हींत फरक जेमतेम हातभराचा.

हुकावरचा भार ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर उतरतो आणि ओल्या काळ्या मातीत त्यांना पकड देतो. मागं भार गेलेली ट्रॉली तीच पकड काढून घेते. चाकं जागच्या जागी फिरत बसतात. पुढं अती भरलं तरी पंचाईत. ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होतात, स्टेअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाऊ पाहते, आणि चढावर तोंड उचलते.

बैलगाडीवाल्यांना हे कुणी शिकवावं लागलं नाही. उलार, म्हणजे मागं जड, गाडीत जू वर उचललं जातं आणि बैलाच्या गळ्याखालचा पट्टा आवळतो. पुढं जड गाडीत सगळा भार मानेवर. उसाच्या गाडीत हा भार किती होतो, ते पाहून इस्लामपूरच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी 2022 मध्ये ‘सारथी’ नावाची सोय पुढं आणली: जुवाच्या पुढ्यात दोन बैलांमध्ये टेकू देणारं एक चाक. मानेवरचा भार त्यानं वाटून घ्यायचा.

कारमागं ओढायच्या घरगुती कॅम्पिंग ट्रेलरचाही नियम हाच, फक्त वेग जास्त. अमेरिकेत भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचे 10 ते 15 टक्के हुकावर ठेवायला सांगतात. ब्रिटनमध्ये कॅरव्हॅनसाठी 5 ते 7 टक्के. हुकावरचा भार त्याहून कमी पडला, की वेगात ट्रेलरची शेपूट डावी-उजवी झुलू लागते आणि ती कारलाही हिसके देते. हौशी कारागीर स्वयंपाकाचा कट्टा हटकून मागच्या दाराशी बांधतात, शेगडी, सिलिंडर, भांडी तिथंच येतात. मग बॅटरी आणि स्टेपनी पुढं न्यावी लागते. पाण्याची टाकी ॲक्सलच्या जवळच बरी, कारण 50 लिटर पाणी म्हणजे 50 किलो आणि ते वाटेत संपत जातं.

भार मोजायला भुईकाटा पुरतो. जोडलेल्या ट्रॉलीची नुसती चाकं काट्यावर घेऊन एक वजन. मग ट्रॉली सोडून, पुढं टेकू लावून, टेकूसह अख्खी ट्रॉली काट्यावर घेऊन दुसरं. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की हुकावर काय होतं ते कळतं. मळ्यात एवढी उठाठेव सहसा कुणी करत नाही. ट्रॅक्टरचे मागचे टायर किती बसले, यावर नजर असते.

माल उतरवताना धोका पुन्हा येतो. ट्रॅक्टर सोडून नुसत्या टेकूवर उभ्या ट्रॉलीतला पुढचा कांदा आधी काढला, तर मागचा ढीग दांडा वर उडवतो. म्हणून व्यापाऱ्याच्या खळ्यावर हूक अडकलेलाच ठेवायचा आणि कांदा मागच्या फाळक्यापासून ओढत पुढं यायचं.