दुसऱ्या फळीची बंदूक

सैन्य म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो आघाडीवरचा शिपाई. पण त्याच्यामागे स्वयंपाकी, वाहनचालक, कारकून, बिनतारी संदेश पाठवणारे, तोफेवर राबणारे असा मोठा गोतावळा असतो. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी जर्मन रणगाडे फळी फोडून थेट पिछाडीवर घुसू लागले, तेव्हा या माणसांच्या हातात काय द्यायचे असा प्रश्न अमेरिकन सेनाधिकाऱ्यांपुढे ठळकपणे उभा राहिला. गॅरँड रायफल सव्वाचार किलोंहून जड. ती पाठीला लावून ना स्वयंपाक होतो ना तारा ओढता येतात. पिस्तूल हलके खरे, पण त्याचा नेम साधायला बराच सराव लागतो. या दोहोंच्या मधले हत्यार म्हणून जन्माला आली ती ‘एम-१ कार्बाइन’.

विंचेस्टर कंपनीचा नमुना सैन्याने १९४१ साली स्वीकारला. वजन सुमारे अडीच किलो, लांबी नव्वद सेंटिमीटरच्या आसपास, मॅगझिनमध्ये पंधरा काडतुसे. आणि दर वेळी चाप ओढला की एक गोळी सुटते, पुढची आपोआप नळीत येते. युद्धकाळात अशा साठ लाखांहून अधिक बंदुका तयार झाल्या. त्या बनवणाऱ्यांत जनरल मोटर्सचे विभाग होते, टंकलेखनयंत्रे करणारी अंडरवुड होती, हिशेबयंत्रांची आयबीएम होती आणि नाणे टाकून गाणी वाजवणारी यंत्रे करणारी रॉक-ओलासुद्धा होती. आज संग्राहक नळीवरचे हे शिक्के शोधत फिरतात.

युद्धानंतर ही बंदूक अमेरिकेच्या घराघरांत शिरली. १९६३ साली सरकारी योजनेतून नॅशनल रायफल असोसिएशनच्या सभासदांना ती वीस डॉलरांना मिळत होती. आज चांगल्या अवस्थेतल्या नगासाठी हजार डॉलरांहून अधिक मोजावे लागतात. तरीही घराच्या राखणीसाठी ही जुनी कार्बाइन घ्यावी का, ही चर्चा तिथे अजून चालते.

बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे निराधार नाही. ज्याने आयुष्यात फारशी बंदूक धरली नाही अशाच माणसासाठी ती घडवलेली आहे. खांद्याला बसणारा धक्का बेताचा, त्यामुळे वयस्क किंवा किरकोळ शरीरयष्टीच्या माणसालाही ती पेलते. खांद्याला टेकवता येत असल्याने पिस्तुलापेक्षा नेम स्थिर राहतो. तिच्या गोळीची शक्ती गॅरँडच्या एक तृतीयांशाहून थोडी जास्त असली, तरी त्या काळच्या लष्करी पिस्तुलाच्या दुपटीहून जास्त भरते. कोरियाच्या कडाक्याच्या थंडीत ‘हिची गोळी शत्रूला थांबवत नाही’ अशी सैनिकांची तक्रार होती. पण ती रणांगणावरच्या अंतराची आणि जाड कपड्यांची गोष्ट होती. घरातले अंतर पाचदहा पावलांचे. इस्रायलमध्ये १९७४ साली स्थापन झालेल्या नागरी रक्षकदलानेही गल्लीतल्या गस्तीसाठी हीच बंदूक वापरली.

मात्र रणांगणावरचे गुण घरात तसेच्या तसे उपयोगी पडत नाहीत. पहिली अडचण भिंतींची. अमेरिकेतली बहुसंख्य घरे लाकडी सांगाड्यावर जिप्समचे पातळ तक्ते ठोकून उभी केलेली असतात. लष्करी काडतुसाची गोळी संपूर्ण धातूच्या कवचाची असते. ती असे अनेक तक्ते भेदून पलीकडच्या खोलीत, प्रसंगी शेजारच्या घरातही जाऊ शकते. पिस्तुलाची गोळीही तक्ता भेदतेच, पण म्हणून कार्बाइनचा धोका कमी होत नाही. शरीरात फुलणारी मऊ टोकाची किंवा पोकळ टोकाची काडतुसे मिळतात. पण ही बंदूक गोल टोकाच्या गोळीसाठी बेतलेली, त्यामुळे काही नगांत ती अडकतात. आपल्या नगात कोणते काडतूस सुरळीत चालते हे मैदानावर पुष्कळ गोळ्या झाडल्याशिवाय समजत नाही.

दुसरी अडचण वयाची. ऐंशी वर्षांत स्प्रिंगा थकतात, मॅगझिनचे ओठ वाकतात. युद्धानंतर लष्करी कारखान्यांत दुरुस्ती करताना एका बंदुकीचे भाग दुसरीत गेले. मागाहून खासगी कंपन्यांनी केलेल्या नकलांतले भाग मूळ बंदुकीला बसतीलच असेही नाही. म्हणून विकत घेण्याआधी जाणत्या कारागिराकडून तपासणी हवी. शिवाय गोळी झाडण्याचा प्रसंग आलाच, तर पोलीस बंदूक पुरावा म्हणून ताब्यात घेणार. ज्यांना तिच्या दुर्मीळ शिक्क्याचे मोल वाटते त्यांनी याचाही विचार करावा.

तिसरी अडचण घाबरलेल्या बोटांची. सुरुवातीच्या कार्बाइनमध्ये सुरक्षेचा खटका हा दाबायचे बटण होता आणि मॅगझिन सोडवण्याचे बटण त्याला अगदी लागून होते. गडबडीत सैनिक भलतेच बटण दाबत आणि मॅगझिन खाली पडे. पुढे ते बटण काढून फिरवायची कळ बसवावी लागली. प्रशिक्षित सैनिकांची ही गत, तर रात्री दोन वाजता झोपेतून उठलेल्या गृहस्थाची काय होईल? अंधार, बंद खोलीत कान बधिर करणारा आवाज, आणि समोरची सावली चोराची की उशिरा परतलेल्या मुलाची हा निर्णय क्षणात घ्यायचा.

घरराखणीच्या संदर्भात या बंदुकीचे सर्वांत गाजलेले छायाचित्र १९६४ साली ‘एबनी’ मासिकात आले. सुटाबुटातले माल्कम एक्स हातात कार्बाइन घेऊन खिडकीचा पडदा किंचित सारून बाहेर पाहत आहेत. त्यांना जिवे मारण्याच्या धमक्या येत होत्या. भीती खरी होती. १४ फेब्रुवारी १९६५च्या पहाटे न्यूयॉर्कमधल्या त्यांच्या घरावर पेटते बाँब फेकले गेले. पत्नी आणि चार मुलींना घेऊन ते कसेबसे बाहेर पडले. आठवड्याने, २१ फेब्रुवारीला, भर सभेत त्यांची हत्या झाली. कार्बाइनमध्ये काही दोष होता असे नव्हे. संकट खिडकीतून दिसेल अशा रूपात आलेच नाही, इतकेच.

याच मुद्द्याकडे संशोधकांनी आकड्यांतून पाहिले आहे. १९९३ साली आर्थर केलरमन आणि सहकाऱ्यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मांडले, की ज्या घरात बंदूक आहे तिथे घरात हत्या होण्याचा धोका सुमारे २.७ पट आढळतो आणि मारणारा बहुधा कुटुंबातला किंवा परिचयाचा असतो. यावर आक्षेपही घेतले गेले. ज्यांना आधीच धोका आहे तेच बंदूक घेतात, मग कारण कोणते आणि परिणाम कोणता? आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. पण दुसऱ्या एका आकड्याबाबत वाद नाही. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने झालेल्या ४८ हजारांहून अधिक मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. निराशेचा झटका पुष्कळदा ओसरतो. हाताशी भरलेली बंदूक असेल तर ओसरायला वेळच मिळत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न सहसा उभा राहत नाही, कारण १९५९चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे नियम सामान्य परवानाधारकाला अर्धस्वयंचलित रायफल घेऊ देत नाहीत. पण न्यू जर्सीत हजारो मराठी कुटुंबे राहतात. त्या राज्याच्या १९९०च्या कायद्याने बंदी घातलेल्या शस्त्रांच्या यादीत एम-१ कार्बाइन नावानिशी आहे. नदीपलीकडच्या पेनसिल्व्हेनियात मात्र ती विकत मिळते. घर बदलताना सामानाबरोबर नेलेली बंदूक पूल ओलांडताच गुन्हा ठरू शकते.

तेव्हा बंदूक निवडण्याआधीची यादीच महत्त्वाची. घरात लहान मूल, तापट किंवा खचलेले माणूस आहे का? कुलूपबंद कपाट आहे का, काडतुसे वेगळी ठेवली जातील का? सराव करायला वर्षभर वेळ मिळेल का? दाराला पक्की कडी, अंगणात दिवा, शेजाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक, ही साधने आधी झाली का? यांची उत्तरे समाधानकारक असतील, तर कार्बाइन हे एक चांगले बनवलेले, हलके हत्यार आहे. ती नसतील, तर कोणती बंदूक घ्यायची ही चर्चा तूर्त बाजूला ठेवून आधी दाराची कडी तपासावी.