धक्काशोषक व आघातगुटके, खडतर मार्गावरील वाहनांचे

कच्चे रस्ते, खडकाळ चढउतार, नदीपात्रे, वाळवंट अशा जागी चालणाऱ्या मोटारगाड्यांच्या निलंबन तंत्रातील दोन महत्त्वाचे घटक. चाकाच्या वरखाली होणाऱ्या हालचालीतील ऊर्जा शोषून स्प्रिंगची दोलने शमविणारे द्रवीय उपकरण म्हणजे धक्काशोषक व ही हालचाल वरच्या मर्यादेस पोहोचली असता धातूवर धातू आपटू न देणारा प्रत्यास्थी ठोकळा म्हणजे आघातगुटका होय. व्यवहारात त्यांना अनुक्रमे शॉक ॲब्सॉर्बर व बंप स्टॉप म्हणतात. स्प्रिंग वाहनाचे वजन पेलते, धक्काशोषक हालचालीचा वेग आवरतो व आघातगुटका तिचा शेवट ठरवितो. ही कामे भिन्न असल्यामुळे एका घटकाची उणीव दुसऱ्याने भरून काढता येत नाही. धक्काशोषकावरच गुटक्याचे काम पडल्यास त्याचा दट्ट्या, झडपा किंवा सांगाड्यावरील पकड मोडते आणि वस्तीपासून दूर वाहन निकामी होते.

दुसऱ्या महायुद्धातील विलिस जीप व १९४८ मधील लँड रोव्हर या गाड्यांत अखंड आस व पाटा स्प्रिंगा होत्या. मुंबईत १९४७ पासून जुळणी होऊ लागलेल्या जीपगाड्यांची रचनाही अशीच होती. पाट्यांच्या परस्पर घर्षणामुळे थोडे अवमंदन आपोआप होते. १९७० मध्ये आलेल्या रेंज रोव्हर गाडीत वेटोळ्यांच्या स्प्रिंगा वापरल्या गेल्या. त्यांमुळे चाकांना अधिक हालचाल मिळाली. परंतु अशा स्प्रिंगेत घर्षण जवळजवळ नसल्याने अवमंदनाचा भार धक्काशोषकावर आला.

आघातगुटके : साधा गुटका भरीव रबराचा असतो. तो स्वस्त व टिकाऊ असला, तरी थोडाच दबतो व उसळी मारतो. सच्छिद्र पॉलियुरेथेनाचा गुटका प्रथम मऊ लागून पुढे क्रमाने कठीण होत जातो. तो मूळ उंचीच्या निम्म्याहून अधिक दबू शकतो व दबताना बाजूंना फारसा फुगत नाही. वाळवंटी शर्यतींच्या गाड्यांत तेल व नायट्रोजन वायू भरलेले द्रवीय गुटकेही वापरतात. ते ऊर्जा साठविण्याऐवजी बहुतांशी तिचे उष्णतेत रूपांतर करतात.

गुटका किती दबतो याचे महत्त्व गणिताने स्पष्ट होते. एका चाकावरील भार ४०० किग्रॅ. असून गुटक्याशी संपर्क होताना खाली येण्याचा वेग सेकंदास २ मी. असल्यास शोषावयाची गतिज ऊर्जा ८०० जूल असते. स्प्रिंग व धक्काशोषक यांचा वाटा सोडून दिल्यास, ती २ सेंमी. अंतरात शोषताना सरासरी ४०,००० न्यूटन प्रेरणा निर्माण होते, म्हणजे त्या भाराच्या सु. दहापट, ५ सेंमी. अंतरात ती १६,००० न्यूटन व १० सेंमी.मध्ये ८,००० न्यूटन एवढीच राहते. आखूड व कठीण गुटक्यांमुळे सांगाड्याला तडे जातात ते यामुळेच.

धक्काशोषक : दट्ट्यातील छिद्रे व झडपा यांमधून तेल जोराने ढकलले जाताना होणारा विरोध हे या उपकरणाचे मूलतत्त्व आहे. दुहेरी नळीच्या प्रकारात आतील नळीत दट्ट्या व बाहेरील नळीत जादा तेल असते. बाहेरील नळीस दगड लागून पोचा पडला, तरी दट्ट्या सहसा अडकत नाही. मात्र नालीदार रस्त्यावर बराच वेळ गेल्यास तेल तापून त्याची श्यानता घटते, त्यात फेस होतो व अवमंदन क्षीण होते. एकेरी नळीच्या प्रकारात तरत्या दट्ट्यामागे सु. २० ते ३० वातावरण दाबाचा नायट्रोजन असल्याने फेस होत नाही व उष्णता नळीतून सरळ बाहेर पडते. तथापि नळीस पोचा पडल्यास दट्ट्या अडकतो. वेगळी तेलटाकी जोडलेल्या प्रकारात तेलाचा साठा व दट्ट्याची धाव दोन्ही वाढतात.

निवड : प्रथम गुटका, नंतर धक्काशोषकाची लांबी व शेवटी अवमंदन हा क्रम योग्य ठरतो. स्प्रिंगा काढून जॅकने आस उचलतात. आधी दोन्ही चाके व मग एकेक चाक आळीपाळीने वर नेतात. हे करताना चाके पूर्ण वळवूनही पाहतात. टायर चिखलरोधकास किंवा आस इंजिनाच्या तेलपात्रास लागण्यापूर्वी गुटका पूर्ण दबला पाहिजे. मोठे टायर बसविल्यास गुटका त्या प्रमाणात खाली आणावा लागतो. गुटका पूर्ण दबलेल्या स्थितीत धक्काशोषकाची सु. १ ते २ सेंमी. धाव शिल्लक असावी. खालच्या टोकाला ब्रेकची लवचिक नळी व प्रचालक दंडाचे सांधे ताणले जाऊ नयेत, म्हणून आवश्यक तेथे पट्टा लावून आस रोखतात.

अवमंदनाचे मान भार व स्प्रिंगची दृढता यांवर अवलंबून असते. वरील ४०० किग्रॅ. भाराने स्प्रिंग १५ सेंमी. दबत असल्यास तिची नैसर्गिक कंप्रता सेकंदास सु. १.३ असते. क्रांतिक अवमंदनाच्या तीन-दशांश मान घेतल्यास, चाकाचा वेग सेकंदास १ मी. असताना सु. १,९४० न्यूटन विरोध लागतो. धक्काशोषक तिरपा बसविल्यास त्याचा परिणाम कोनाच्या कोज्येच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो; उभ्या रेषेशी ३०° कोन असता तो तीन-चतुर्थांश व ४५° असता निम्माच उरतो. प्रसरणातील विरोध सामान्यतः संपीडनातील विरोधापेक्षा जास्त ठेवतात. तो प्रमाणाबाहेर वाढविल्यास लागोपाठच्या खड्ड्यांत चाक पूर्ववत खाली येण्यापूर्वीच पुढचा धक्का बसतो व निलंबन क्रमाक्रमाने गुटक्यापर्यंत दबत जाते. त्यामुळे महाग किंवा अधिक कठीण धक्काशोषक अधिक चांगला असतोच असे नाही. वाहनाचे प्रत्यक्ष भरलेले वजन, मार्गाचे स्वरूप व नेहमीचा वेग यांना जुळणाराच योग्य होय.